खालची टोपी

गल्लीत त्याला सगळे पृथ्वीवाला म्हणत. त्याचा कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याचं छप्पर. तिथे शाळांसाठी पृथ्वीचे गोल तयार होत. कागदाच्या लगद्याचे दोन अर्धगोल साच्यातून काढायचे, वाळवायचे, एकमेकांना चिकटवायचे, वरून खडूच्या भुकटीचा लेप द्यायचा आणि घासून गुळगुळीत करायचे, हे त्याचं काम. पुढचं काम बायकोचं. छापखान्यातून पृथ्वी सपाटच यायची, मोठ्या कागदावर, लांबट पाकळ्यांमध्ये छापलेली. बायको त्या पाकळ्या कापायची, ओल्या करायची आणि गोलावर एकेक बसवायची. पाकळ्यांची टोकं वर आणि खाली कधीच नीट जुळत नाहीत. कोणाच्याही हातून जुळत नाहीत. म्हणून ती आखूडच छापतात आणि मधे जी पांढरी जागा उरते तिच्यावर कागदाची गोल चकती बसवतात. कारखान्यात त्या चकतीला टोपी म्हणत. उत्तर ध्रुवाची ती वरची टोपी, दक्षिण ध्रुवाची ती खालची.

बायकोने बसवलेल्या टोपीचा सांधा नखाने शोधावा लागे. "आज दिवसभर जगाला टोप्या घातल्या," असं ती जेवताना म्हणायची. रोज म्हणायची आणि रोज हसायची. जुना विनोद होता, पण तिच्या हसण्यामुळे चालून जायचा.

ती वारल्यावर टोप्यांचं काम तिच्या धाकट्या भावाकडे आलं. हा मेहुणा मिसरूड फुटल्यापासून कारखान्यात होता. गोल ज्यावर फिरतो ती तिरकी सळई आणि खालचं लाकडी बूड तो करायचा. लग्न केलं नाही. का, ते त्याने सांगितलं नाही आणि बहिणीखेरीज कोणी विचारलंही नाही. कारखान्यावरच्या खोलीत राहायचा, जेवायला खाली यायचा. आता त्या टेबलावर दोघेच पुरुष उरले होते. मेहुणा त्याला दाजी म्हणायचा. इतकी वर्षं एका छताखाली काढूनही दाजी आणि मेहुणा एकमेकांशी कामापुरतंच बोलायचे, कारण दोघांच्या वाटचं बोलणं ती एकटी बोलून टाकायची. आता "मीठ द्या" आणि "सरस संपलाय" यांच्यापलीकडे गाडी जात नव्हती.

मेहुण्याच्या टोप्या बऱ्या बसायच्या, बहिणीइतक्या नाही. खालची टोपी लावायला गोल उलटा धरावा लागतो. तसा तो धरून मेहुणा त्या पांढऱ्या गोल जागेकडे बघत बसायचा. एक दिवस म्हणाला, "दाजी, इथे खरंच काय आहे?"

"लेप आहे."

"तसं नाही. खऱ्या पृथ्वीवर इथे काय आहे?"

"बर्फ. टोपीवर छापलंय की."

"तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय? ताईने तरी पाहिलं होतं?"

पृथ्वीवाल्याने हात पुसले आणि कामाला लागला. त्याने आयुष्यभर गोल पृथ्व्या केल्या होत्या, पण पृथ्वी गोल आहे का, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. गिऱ्हाईक गोल मागत होतं, तो गोल करून देत होता.

मेहुण्याला मात्र प्रश्न पडला तो पडलाच. त्याने फोनला विचारलं. फोनला काय, जे विचाराल ते तो आणून पुढ्यात टाकतो, आणि एकदा तुम्हाला काय आवडतं ते कळलं की ताट रिकामं होऊच देत नाही. दोन-तीन महिन्यांत मेहुण्याचं पक्कं झालं. पृथ्वी ताटासारखी सपाट आहे. दक्षिण ध्रुव नावाची जागा नाही, ताटाच्या कडेने बर्फाची भिंत आहे. सूर्य आणि चंद्र एकाच आकाराचे, लहान, जवळचे, आणि ताटावर गोल घिरट्या घालतात. सगळ्याच्या वर घुमट आहे आणि तारे त्याला लावलेले आहेत.

कारखान्यात गोलांना रोगण मारायला एक पॉलिशवाला यायचा. जिभेला हाड नसलेला माणूस. त्याला हे कळलं आणि त्याचे दिवस मजेत जाऊ लागले.

"काय चांदोमामा, आज चंद्र गार की गरम?" चहाच्या वेळी तो विचारायचा.

"गारच. हसा तुम्ही. सूर्याच्या उजेडात हात धरला तर गरम लागतो, चंद्राच्या उजेडात लागत नाही. उजेड सूर्याकडून उसना आणला असता, तर थोडी ऊब नसती का आली बरोबर?"

"उसनं आणलेलं दूध घरी येईपर्यंत गरम राहतं का रे? आणि ग्रहण लागतं ते?"

"मधे एक काळा गोळा येतो."

"कुठेय तो?"

"एरवी दिसत नाही."

"मग तू कधी पाहिलास?"

"ग्रहणात दिसतो ना!"

पॉलिशवाल्याला ठसका लागला, चहा नाकातून आला. मेहुण्याने शांतपणे त्याच्या पाठीवर थोपटलं. थट्टेने तो चिडत नसे, पृथ्वीवाल्याला याचंच नवल वाटायचं. बहीण गेल्यापासून तो कोणाशी इतकं बोललाच नव्हता, आणि आता बोलायला लागला तर सूर्यचंद्रांबद्दल. बोलतोय ना, असं म्हणून पृथ्वीवाल्याने ते सोडून दिलं.

सोडून देणं फार दिवस चाललं नाही. एका शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः रिक्षातून आल्या, मांडीवर गोल घेऊन. त्यांनी तो टेबलावर उलटा धरला. वरची टोपी होती, खालची नव्हती. सळईभोवती पांढरा लेप उघडा पडला होता.

"आमच्या मुलांनी विचारलं, बाई, पृथ्वीला चाई पडली का?" त्या म्हणाल्या. "मी काय सांगू? सगळेच गोल असे आहेत. यंदाचे."

पृथ्वीवाल्याने गोल हातात घेऊन पाहिला. विसरलेलं काम आणि न केलेलं काम वेगळं दिसतं. इथे पाकळ्यांची टोकं नीट दाबून, कडा साफ करून, वर रोगणसुद्धा एकसारखं लागलं होतं. मुद्दाम ठेवलेलं होतं.

"बदलून देतो बाई," तो म्हणाला.

"द्याच. दुसरीकडून घ्यायचं माझ्या जिवावर येतं. तुमच्या मंडळींच्या हातचे गोल अजून आहेत आमच्याकडे, एकाचा कागद सुटलेला नाही." मग जरा थांबून, "वाईट झालं," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांची रिक्षा वळते न वळते तोच पृथ्वीवाल्याची मुलगी आतून आली. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची आणि मागण्यांचं, फोनांचं काम बघायची. आईचा फटकळपणा तिच्यात उतरला होता, हसू तेवढं उतरलं नव्हतं.

"मामा!" तिने हाक मारली. "ही टोपी कुठे गेली?"

मेहुणा छपराखालून आला. "लावली नाही."

"का?"

"खाली काही नाही म्हणून. वरची घालतो, उत्तर ध्रुव आहे. खालचा नाही. जे नाही त्याचा कागद मी कसा चिकटवू? तुझी आई गमतीने म्हणायची, जगाला टोपी घातली. आपण ते खरोखरच करतोय, बेटा. पोरांना टोपी घालतोय."

"आणि पगार घेतोस तो?"

"सळईचा घेतो. सळई करतो."

मुलगी बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा याला. पालथ्या घड्यावर मी किती पाणी ओतू? खालची टोपी घालायची, नाहीतर दुसरा माणूस बघायचा. माझ्या घरी येऊन लेकीला सांगतो, सूर्य दिव्याएवढा आहे म्हणून. तिने परीक्षेत लिहिलं तसं!"

"मार्क मिळाले का?" मेहुण्याने विचारलं.

"भोपळा मिळाला!"

"मिळणारच," तो म्हणाला. जणू पुरावाच हाती लागला होता.

मुलगी पाय आपटत गेली. पृथ्वीवाल्याने गोल पुन्हा सरळ करून ठेवला. त्याला टोपीची काळजी होती, पण त्याला लागलं ते टोपीचं नव्हतं. दुसरा माणूस बघायचा, हे शब्द लागले. या घरात त्याच्या बायकोला लहानपणापासून पाहिलेला हा एकच माणूस उरला होता. कधी कधी जेवताना मेहुणा उगीचच एखादं वाक्य बोलायचा, ताई सायकलवरून पडली होती, ताईला मांजराची भीती वाटायची, आणि पुन्हा जेवायला लागायचा. पृथ्वीवाला त्या वाक्यांसाठी जेवायला बसायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंही त्याला वाटलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मेहुण्याने त्याला वर बोलावलं. "एक दाखवायचंय. हात लागेल जरा तुमचा."

खोलीत खाटेशेजारी एका स्टुलावर मोठी लाकडी परात होती. तिच्यात त्याने पाकळ्यांमधले खंड कापून सपाट चिकटवले होते, मधे उत्तर ध्रुव, कडेने कापसाची भिंत. वर एक जुनं पातेलं उपडं टांगलं होतं, खिळ्याने भोकं पाडलेलं. मधल्या तारेला दोन हात, एकावर लहान बल्ब, दुसऱ्यावर पांढरा रंगवलेला लाकडी मणी.

"हा सूर्य, हा चंद्र," मेहुणा म्हणाला. "भोकं म्हणजे तारे."

"आणि ग्रह?"

"ग्रह म्हणजे भटके तारे. तेही वरच लावलेले."

"लावलेले, तर भटकतात कसे?"

मेहुण्याने पातेल्याकडे पाहिलं. "त्याच्यावर काम चालू आहे."

सूर्याचा हात तारेपाशी अडकत होता. पृथ्वीवाल्याने खिशातून कानस काढली, तारेची टोकं घासली, तेलाचा थेंब सोडला. आता सूर्य सुरेख फिरू लागला. अडचण दुसरीच होती. बल्ब कुठेही नेला तरी सगळी परात उजळायची. रात्र कुठे होतच नव्हती.

"याला झाकण लागेल," पृथ्वीवाला म्हणाला. "टेबलावरच्या दिव्याला असतं तसं." आणि पत्र्याचा तुकडा वळवून त्याने ते करूनही दिलं. कामात काम मिसळलं की दोघांचं छान जमायचं. झाकण बसवल्यावर परातीच्या निम्म्या भागात अंधार पडला आणि मेहुण्याचा चेहरा फुलला.

"बघा. आता हा संध्याकाळी इकडून निघाला. इथल्या लोकांना वाटतं, बुडाला. बुडत नाही तो. लांब जातो. तुम्हाला दिसत नाही म्हणजे तो नाही, असं नाही ना दाजी?"

हे वाक्य सूर्याबद्दल होतं. पृथ्वीवाल्याने ते सूर्याबद्दलच ठेवलं. "झाकण जरा गरम होईल," तो म्हणाला. "हात लावू नकोस."

मग मेहुण्याने खरी गोष्ट काढली. फोनवर भेटलेल्या मंडळींचं एक मंडळ होतं, दूर एका शहरात. त्यांना अशा पराती पुष्कळ करून हव्या होत्या. राहायला खोली देणार होते. "तुमची लेक म्हणते ते चूक नाही. मी इथे असून तुमचं काम बिघडवतोय. आणि तिथे, दाजी, तिथे सगळे माझ्यासारखेच. कोणी चांदोमामा म्हणणार नाही. महिनाअखेरीस निघावं म्हणतो."

पृथ्वीवाला "बरं" म्हणाला आणि जिना उतरला. खाली आल्यावर त्याला आठवलं की कानस वरच राहिली. तो ती आणायला गेला नाही.

पुढचे दिवस त्याने अर्धगोल केले. मुलगी म्हणाली, बरंच झालं, आपणहून जातोय, वाईटपणा आला नाही. पॉलिशवाला म्हणाला, जाऊ दे, कडेवरून पडू नको म्हणावं. सगळ्यांचं ऐकून पृथ्वीवाल्याने एक ठरवलं. त्याने उभ्या जन्मात फारसं खोटं बोललेलं नव्हतं. तत्त्व म्हणून नव्हे, त्याला ते जमायचंच नाही. बायकोला वाढदिवसाची साडी लपवून आणली तर दारातच त्याचे कान लाल व्हायचे. पण आता दुसरा उपाय दिसत नव्हता. हा जातोय तो तिथे सगळे त्याच्यासारखे आहेत म्हणून. इथे एक जरी तसा असला, तर थांबेल.

त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "मी विचार केला. असेल सपाट."

"काय?"

"पृथ्वी."

मेहुण्याचा हात ताटातच थांबला. "कशावरून वाटलं?"

"असंच. छापखान्यातून सपाटच येते. आपण उगाच गोल करतो."

मेहुण्याने मान हलवली, पण डोळे बारीक झाले. "कडेला काय आहे?"

"भिंत. बर्फाची."

"सूर्य केवढा?"

"चंद्राएवढा."

"चंद्राचा उजेड?"

"गार."

"तारे?"

"पातेल्याला. घुमटाला."

"आणि संध्याकाळी सूर्य काय करतो?"

उत्तर पृथ्वीवाल्याला पाठ होतं. चहाच्या वेळी, परातीशी, जिन्यावर, शंभरदा ऐकलं होतं. दोनच तर शब्द. पण ते तोंडात येईनात. लांब जातो, हे त्याला सूर्याबद्दल म्हणायला काहीच हरकत नव्हती, पण ते शब्द आता त्याच्या मनात सूर्याचे राहिले नव्हते. दवाखान्यातल्या खाटेशी तो बसला होता तेव्हा त्याने एक जाणं जवळून पाहिलं होतं, हातात हात धरून. त्यात लांब जाण्यासारखं काही नव्हतं. होती, आणि मग नव्हती.

"मावळतो," तो म्हणाला.

मेहुण्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पृथ्वीवाल्याचे कान लाल झाले होते. मग मेहुण्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"दाजी, तुम्ही मला टोपी घालत होता."

पृथ्वीवाल्याने मान खाली घातली. "बसली नाही नीट."

मेहुणा हसला. असा हसला की त्याला खुर्ची मागे सरकवावी लागली. पृथ्वीवाल्यालाही हसू आलं, त्याच्या मनात नसताना. हसू ओसरल्यावर मेहुण्याने बाहीने डोळे पुसले, आणि ते जरा जास्तच वेळ पुसत राहिला.

"एवढं सगळं पाठ केलंत," तो म्हणाला. "सरळ राहा म्हणायचं ना."

"राहा."

"पण खालची टोपी मी घालणार नाही. तुम्ही मला वेडा म्हणा. माझ्याच्याने नाही होत. ती जागा झाकली की वाटतं, कोणीतरी प्रश्नच झाकला."

"तू घालू नकोस. मी घालतो."

"तुम्ही? ही बोटं घेऊन?" मेहुण्याने त्याच्या हातांकडे पाहिलं. लगद्यात आयुष्य गेलेली बोटं, जाड, भेगाळलेली. "ताई तुम्हाला त्या कागदाला हात लावू द्यायची नाही."

"तिने तुला शिकवलं ना. तू मला शिकव."

मेहुण्याने विचार केला. मग म्हणाला, "मंडळाला कळवतो, महिनाभर उशीर होईल म्हणून. तुमचा हात बसेपर्यंत थांबतो. त्यापुढचं त्यापुढे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे टेबलाशी बसले. मुख्याध्यापिकेने परत केलेले गोल समोर रांगेने उलटे ठेवले होते. पहिल्या टोपीवर पृथ्वीवाल्याने इतकी खळ लावली की दक्षिण ध्रुव घसरून कडेला गेला. दुसरीला सुरकुती पडली. तिसरी त्याच्या अंगठ्यालाच चिकटली.

"अहो, ताणू नका. कागद ओला झाला की वाढतो, त्याला वाढू द्या. मग मधून बाहेर दाबत या. मधून, दाजी! कडेवरून काय सुरुवात करता?"

"तुझ्या मते कडेलाच सगळं आहे ना?"

"टवाळी नको. दाबा."

मुलगी दारात येऊन उभी राहिली. मामा, ज्याच्या मते ही जागा जगात नाहीच, तो बाबांचं बोट धरून ती जागा नेमकी कुठे बसवायची ते दाखवत होता. ती काही बोलायला आली होती, पण न बोलता फोन घ्यायला आत गेली.

शाळेचे गोल गेले. त्यांतल्या चांगल्या टोप्या कोणत्या आणि वाकड्या कोणत्या, हे मुख्याध्यापिकेने कळवलं नाही, म्हणजे चालल्या. मंडळाचा फोन आला तेव्हा मेहुण्याने सांगितलं, इथे एक माणूस शिकतोय, जरा मंदबुद्धी आहे. हे तो दाजींच्या समोरच बोलला. परात वर खोलीत तशीच आहे. भटके तारे त्याला अजून सुटलेले नाहीत.

महिना उलटला, दुसराही लागला. पृथ्वीवाल्याच्या टोप्या आता पुष्कळ सुधारल्या होत्या. पॉलिशवाला रोगण मारताना तसं म्हणालाही. "आता तर सांधासुद्धा दिसत नाही मालक. बसला की हात तुमचा."

पृथ्वीवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने गोल उचलला, उलटा केला, खिडकीकडे नेला आणि टोपीवरून नख फिरवलं. एकदा, मग परत एकदा. नख कुठेच अडलं नाही.

"कुठे बसला?" तो म्हणाला. "वेळ लागेल अजून." आणि गोल खाली ठेवून सळई कापायला गेला.